युरोपची बखर आणि अस्सल कागद

राज्याने कर मागावा आणि लोकांनी तो द्यावा, राज्याने कायदा करावा आणि नावडला तरी तो लोकांनी पाळावा, हा व्यवहार इतका जुना आहे की त्यामागचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तुम्हाला हा अधिकार दिला कोणी, हा तो प्रश्न. राष्ट्राच्या बाबतीत त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने झाकून गेलेले असते. भाषा, लढाया, थोर पुरुष, शाळेत पाठ केलेली गीते यांच्या थरांखाली ते इतके खोल गेलेले असते की ते उकरून पाहण्याची कोणाला गरज भासत नाही. परंतु अनेक राष्ट्रांनी मिळून एक संघ उभारला, तर त्या संघाला ही सवलत मिळत नाही. त्याच्या गोष्टी कोणत्याही घरात आजी नातवंडांना सांगत नाही. त्याला आपल्या अधिकाराचे उत्तर उघड्यावर, रोज आणि पुन्हा पुन्हा द्यावे लागते. सत्तावीस राष्ट्रांचा आणि चोवीस अधिकृत भाषांचा आजचा युरोपीय संघ नेमका या अडचणीत सापडलेला आहे.

या अडचणीवर कायदेपंडितांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी कपाटेच्या कपाटे भरतील इतके लिहिले आहे. ललित लेखकांनी मात्र तिला फारसा हात लावलेला नाही, आणि त्यात नवल नाही. समित्या, टिपणे, मसुदे आणि जकातीचे दर यांतून कादंबरी निर्माण व्हावी कशी? ऑस्ट्रियन लेखक रॉबर्ट मेनासे यांनी ती निर्माण करून दाखवली. 'डी हाउप्टश्टाट', म्हणजे 'राजधानी', ही त्यांची कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला जर्मन पुस्तक-पारितोषिक मिळाले. मला जर्मन येत नाही. जेमी बुलॉक यांच्या २०१९ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादातून मी ती वाचली, त्यामुळे तिच्या शैलीविषयी अधिकारवाणीने मी काही बोलणार नाही. पण तिची रचना, तिची माणसे आणि तिच्यामागचा विचार अनुवादातही शाबूत राहिलेला आहे, आणि त्यांच्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याहूनही अधिक बोलण्यासारखे आहे ते कादंबरीच्या बाहेर जे घडले त्याविषयी. त्या प्रकरणाकडे मी पुढे येईनच.

कादंबरीचा आरंभ एका डुकराने होतो. ब्रसेल्सच्या भरवस्तीत, सेंट कॅथरीनच्या परिसरात, एक डुक्कर मोकाट पळत सुटलेले आहे. कोणी ते पाहतो, कोणाला ते पाहिल्यासारखे वाटते. या डुकराच्या धावेने लेखकाने आपली सगळी पात्रे एका दोऱ्यात ओवून घेतली आहेत. त्यानंतर आपण युरोपीय आयोगाच्या कचेरीत येतो. आयोग म्हणजे संघाचे कार्यकारी अंग. तेथील संस्कृतिविभागात फेनिया झेनोपुलू नावाची एक महत्त्वाकांक्षी बाई आहे. हा विभाग तिला शिक्षेसारखा वाटतो. तिथे ना पैसा, ना सत्ता. आयोगाच्या वर्धापनदिनानिमित्त काही भव्य करून दाखवावे आणि त्या जोरावर चांगल्या खात्यात बदली करून घ्यावी, असा तिचा बेत आहे. तिच्या हाताखालचा मार्टिन सुसमान हा ऑस्ट्रियातल्या वराहपालकाचा मुलगा. तो कल्पना काढतो की आयोगाचा जन्म आउश्वित्झच्या छळछावणीतून झाला, हे जगाला सांगावे. राष्ट्रवादाने युरोपला जिथे नेऊन सोडले ते ठिकाण आउश्वित्झ; ते पुन्हा घडू नये म्हणून राष्ट्रांच्या वर एक सत्ता निर्माण झाली; तेव्हा त्या छावणीतून जिवंत राहिलेल्या अखेरच्या माणसांना समारंभाच्या मध्यभागी आणावे.

कल्पना उदात्त आहे, आणि तिचे पुढे जे होते ते कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणाही मराठी माणसाला ओळखीचे वाटेल. टिपण एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाते. कोणीही तिला विरोध करीत नाही. प्रत्येकजण 'उत्तम' म्हणतो आणि आपल्या देशाच्या प्रतिनिधीच्या कानात हळूच काही सांगतो. शेवटी सभासद राष्ट्रे मिळून ती योजना अशा सफाईने गाडून टाकतात की खून झाला आणि खुनी कोणीच नाही, असे दृश्य उरते. दुसरीकडे सुसमानचा थोरला भाऊ डुकरांच्या व्यापारात अडकलेला आहे. चीनला मांस विकायचे तर संघाने सगळ्यांच्या वतीने एक करार करावा असे त्याला वाटते, आणि प्रत्येक राष्ट्र आपापला वेगळा सौदा पदरात पाडून घेण्याच्या खटपटीत असते. छळछावणीची स्मृती आणि डुकराचे कान या दोन टोकांच्या गोष्टी एकाच यंत्रात सापडतात आणि दोन्हींचा चेंदामेंदा सारखाच होतो. हा उपरोध मेनासे यांना फार चांगला साधला आहे.

या उपरोधाचे घराणे कोणते, हे जाणकारांना सांगायला नको. रोबेर्ट मूझिल या ऑस्ट्रियन लेखकाच्या 'गुणहीन माणूस' या अपुऱ्या राहिलेल्या महाकादंबरीत असाच एक समारंभ आहे. सम्राट फ्रान्झ योझेफ १८४८ साली गादीवर आला. १९१८ साली त्याच्या राज्याला सत्तर वर्षे पूर्ण होणार. तेव्हा त्या निमित्ताने साम्राज्याला शोभेल अशी एखादी थोर कल्पना शोधून काढण्यासाठी व्हिएन्नातली थोर मंडळी एक समिती नेमतात, आणि कल्पना काही केल्या सापडत नाही. वाचकाला माहीत असते की सम्राट १९१६ सालीच जाणार आहे आणि १९१८ साली समारंभाऐवजी साम्राज्याचाच अंत होणार आहे. ते हॅब्सबुर्ग साम्राज्य हेही अनेक राष्ट्रांचे एक राज्य होते. त्याच्याकडे सम्राट होता, सैन्य होते, टपालखाते होते. आपण एकत्र का आहोत याचे उत्तर तेवढे नव्हते. मेनासे यांनी तोच सांगाडा ब्रसेल्सला आणून ठेवला आहे. एक फरक मात्र आहे. मूझिलच्या समितीला कल्पना सापडतच नाही. मेनासे यांच्या पात्रांना ती सापडते आणि नकोशी होते. माझ्या मते हा फरक या कादंबरीचा मोठा गुण आहे.

आता तिच्या उणिवेकडे वळतो. कादंबरीत अधिकारी आहेत, पोलीस आहे, मारेकरी आहे, प्राध्यापक आहे, छावणीतून वाचलेला वृद्ध आहे. खुनाचा तपास वरून दडपला जातो, तो धागा शेवटपर्यंत लोंबकळत राहतो, त्याचीही माझी तक्रार नाही. दडपलेल्या तपासाचे तसेच होते. माझी तक्रार अशी की, मतपेटीत 'नको' अशी चिठ्ठी टाकणारा माणूस मला या कादंबरीत भेटला नाही. लेखकाच्या लेखी संघाचे शत्रू म्हणजे राष्ट्रांची सरकारे आणि त्यांचे कारस्थानी प्रतिनिधी. नोकरशाहीवर त्यांनी पूर्वीही प्रेमाने लिहिले आहे. २०१२ सालच्या त्यांच्या एका निबंधग्रंथात ब्रसेल्सच्या अधिकाऱ्यांची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली होती. बाजू मांडायला हरकत नाही. परंतु नकार देणारे लोक केवळ सरकारांनी फितवलेले असतात, असे मानले की अधिकाराचा मूळ प्रश्नच दृष्टीआड होतो.

कारण नकाराचा इतिहास बराच मोठा आहे. १९९२ च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या जनतेने मास्ट्रिख्टचा करार निसटत्या बहुमताने फेटाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्सने तो जेमतेम ५१ टक्क्यांनी तारला. २००५ साली युरोपच्या नियोजित राज्यघटनेवर सार्वमत झाले तेव्हा फ्रान्समध्ये सुमारे ५५ टक्के आणि नेदरलँड्समध्ये ६१ टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली. हे दोन्ही देश मूळच्या सहा संस्थापकांपैकी. घटना बाजूला ठेवण्यात आली आणि तिच्यातला बराचसा ऐवज लिस्बनच्या करारातून परत आणण्यात आला. आयर्लंडने २००८ साली तोही नाकारला. काही आश्वासने देऊन २००९ साली पुन्हा मत घेतले, तेव्हा तो मान्य झाला. २०१६ साली ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी संघ सोडण्याचा कौल दिला आणि २०२० च्या जानेवारीअखेर तो बाहेर पडला. या प्रत्येक नकारामागे भीती होती, अपप्रचार होता, स्थानिक सरकारावरचा रागही होता, हे सगळे खरे. तरीही तो नकार माणसांचा होता. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला किंमत नसते, ही लोकसत्तेची पहिली अट आहे, आणि उत्तर मनाजोगते येईपर्यंत प्रश्न विचारीत राहणे हे त्या अटीशी फारसे सुसंगत नाही.

राज्यशास्त्रातले जाणकार अधिकाराच्या मान्यतेचे दोन प्रकार सांगतात. एक फळांवरून मिळणारी मान्यता: शांतता राहिली, व्यापार वाढला, सीमेवर कोणी अडवीत नाही, तेव्हा व्यवस्था चांगली. दुसरी संमतीतून मिळणारी: आम्ही हिला निवडले आणि आम्ही हिला काढू शकतो, तेव्हा व्यवस्था आमची. युरोपीय संघ प्रारंभापासून पहिल्या प्रकारावर जगत आला. १९५० च्या मे महिन्यात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमन यांनी कोळसा आणि पोलाद एका छत्राखाली आणण्याची योजना मांडली, तीच मुळी भावनेचे आवाहन टाळून कामातून एकी निर्माण करावी अशा बेताने. फळे आली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. पण फळांवरची मान्यता दुष्काळात टिकत नाही. ग्रीसच्या कर्जाच्या वेळी, २०१५ च्या जुलैत, तेथील ६१ टक्के मतदारांनी सावकारांच्या अटी नाकारल्या आणि काही दिवसांतच त्यांच्या सरकारला तशाच कठोर अटी पत्करून सही करावी लागली. त्या वेळी अथेन्सच्या रस्त्यावरच्या माणसाला आपण या संघाचे नागरिक आहोत की ऋणको, हा प्रश्न पडला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी १९७९ पासून युरोपीय संसदेच्या थेट निवडणुका होत आहेत. त्या पहिल्या वेळी सुमारे ६२ टक्के लोकांनी मत दिले. २०१४ पर्यंत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्याही खाली उतरले होते. २०१९ आणि २०२४ मध्ये ते पन्नाशी जेमतेम ओलांडून गेले. जर्मनीच्या घटना-न्यायालयाने २००९ साली लिस्बन करारावर निर्णय देताना म्हटले की, युरोपीय संसद ही एका युरोपीय जनतेची प्रतिनिधी नव्हे. ती आपापल्या राज्यांत संघटित असलेल्या अनेक जनतांची प्रतिनिधी आहे. मग 'एक जनता' आधी की 'एक संसद' आधी? दीटर ग्रिम हे न्यायाधीश आणि युर्गन हाबरमास हे तत्त्वज्ञ यांच्यात १९९५ च्या सुमारास यावर मोठा वाद झाला. समान भाषेतली, समान वृत्तपत्रांतली चर्चा नसताना घटना लिहून काय उपयोग, हा ग्रिम यांचा आक्षेप. घटना लिहिण्याच्या खटाटोपातूनच अशी चर्चा जन्माला येईल, हे हाबरमास यांचे उत्तर. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पण २००५ च्या सार्वमतांनी हाबरमास यांच्या पदरी निराशा टाकली, हे नाकारता येत नाही.

जिथे गोष्ट नसते तिथे चिन्हे आणून बसवावी लागतात, आणि युरोपीय संघाची चिन्हे मोठी बोलकी आहेत. त्याचे गीत बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतले; पण कोणती भाषा निवडावी हा पेच असल्यामुळे त्याला शब्द नाहीत. २००२ साली युरोच्या नोटा चलनात आल्या. त्यांच्यावर पूल आहेत, कमानी आहेत. परंतु कोणा एका देशाचा मान वाढू नये म्हणून ते पूल जगात कुठेही नसलेले, केवळ शैली दाखवणारे काढले. पुढे नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे या गावी एका कलावंताने ते सातही पूल नोटेवरच्या रंगांत खरोखरच बांधून घेतले! कागदावर आधी आणि मातीवर नंतर, अशी ही उलटी वास्तुकला. तिसरे उदाहरण घटनेच्या मसुद्याचे. २००३ च्या मसुद्याच्या शिरोभागी थ्यूसिडिडीजने पेरिक्लीजच्या तोंडी घातलेले लोकसत्तेविषयीचे वचन मूळ ग्रीकमध्ये दिलेले होते. अखेरच्या पाठातून ते गळले. गळले ते बरेच झाले. ज्या अथेन्सचे हे वचन, त्या अथेन्सनेच डेलॉस बेटावर ठेवलेला मित्रराज्यांच्या संघाचा खजिना आपल्या नगरात हलवला आणि संघाचे साम्राज्य करून टाकले होते. राष्ट्रसंघाच्या घटनेला याहून अपशकुनी मंगलाचरण शोधूनही सापडले नसते.

या पार्श्वभूमीवर मेनासे यांचे प्रकरण पाहावे. युरोपीय आयोगाचे पहिले अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन हे जर्मन कायदेपंडित. १९५८ ते १९६७ या काळात ते त्या पदावर होते. मेनासे यांनी आपल्या लेखांतून आणि भाषणांतून त्यांची काही वचने वारंवार सांगितली. राष्ट्रांचे विसर्जन हीच युरोपची मूळ कल्पना होय, असा त्यांचा आशय. हालश्टाइन यांनी अध्यक्ष या नात्याने पहिले भाषण आउश्वित्झला केले, असेही मेनासे सांगत. ही वचने इतर लेखकांनी उचलली, राजकारण्यांनी उचलली, एका जाहीरनाम्यातही ती गेली. २०१७ साली हाइनरिश आउगुस्ट विंक्लर या इतिहासकाराने विचारले की ही वचने आहेत कुठे? ती कुठेच नव्हती. २०१८ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून प्रकरण पेटले. अवतरणचिन्हे शास्त्राच्या दृष्टीने चुकली, पण आशय हालश्टाइनचाच आहे, अशा धर्तीचा बचाव मेनासे यांनी प्रथम केला. २०१९ च्या जानेवारीत त्यांनी क्षमा मागितली. त्याच महिन्यात मिळायचे ठरलेले एक सरकारी पदक वादानंतरही त्यांना देण्यात आले. आणि आउश्वित्झचे भाषण? १९५८ साली ते ठिकाण पोलादी पडद्यापलीकडे होते. आयोगाची पहिली बैठक ब्रसेल्सजवळच्या एका वाड्यात भरली होती.

मेनासे यांच्या बाजूने बोलणाऱ्यांजवळ एक भक्कम युक्तिवाद आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ याने १८८२ सालच्या आपल्या व्याख्यानात सांगून ठेवले आहे की, विस्मरण आणि इतिहासाविषयीचा गैरसमज यांच्यावाचून राष्ट्र घडत नाही. इतिहासाचा अभ्यास वाढला की राष्ट्रभावनेला धोका पोहोचतो, असेही तो म्हणतो. मग राष्ट्रांना जे माफ ते राष्ट्रसंघाला का नसावे? प्रत्येक राष्ट्राची एक बखर असते. युरोपची नव्हती, ती एका कादंबरीकाराने लिहायला घेतली. उद्देश चांगला होता. छळछावणीतल्या मृतांची आठवण राजकारणाच्या पायाशी ठेवावी, यात त्याचा स्वार्थ कोणता?

बखर आणि अस्सल कागद यांतला भेद मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून हा भेद आपल्या रक्तात भिनलेला आहे. पानिपतच्या काळची पत्रे छापताना त्यांनी बखरकारांच्या चुका एकेक करून दाखवल्या. याचा अर्थ बखर टाकाऊ ठरली असा नव्हे. बखरीतली भाषा, तिच्यातला आवेश, तिच्यातून दिसणारे लोकांचे मन यांचे मोल आपण आजही मानतो. पण बखर बखरीसारखी वाचायची आणि कागद कागदासारखा. बखरकाराने बनावट पत्र तयार करून त्यावर पेशव्यांचा शिक्का उठवला, तर तो बखरकार राहत नाही. मेनासे यांची कादंबरी ही बखर आहे, आणि तीत त्यांनी हालश्टाइनच्या तोंडी काहीही घालावे. कल्पनेचा तो हक्कच आहे. लेखात आणि भाषणात अवतरणचिन्हे घालून तेच सांगणे हा शिक्का उठवण्याचा प्रकार झाला.

आणि रेनाँच्या युक्तिवादाचे काय? त्याला माझे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. राष्ट्रांच्या दंतकथांना कर्ता नसतो. त्या शेकडो तोंडांतून, शेकडो वर्षांत घडतात, त्यामुळे त्यांच्यावर कोणी एकजण खोटारडेपणाचा आरोप ठेवू शकत नाही. इथे कर्ता होता, त्याचे नाव होते, आणि प्रश्न विचारताच त्याला उत्तर द्यावे लागले. ही झाली पहिली पायरी. दुसरी अधिक महत्त्वाची. राष्ट्र भावनेवर उभे असते, म्हणून त्याची एखादी दंतकथा खोटी ठरली तरी ते कोसळत नाही. युरोपीय संघ कशावर उभा आहे? याचे उत्तर स्वतः हालश्टाइन यांनी देऊन ठेवले आहे, आणि ते बनावट नाही. हा समाज तलवारीने निर्माण केलेला नाही, तो कायद्याने निर्माण केला आहे, कायदा हाच त्याचा प्राण, अशा अर्थाने ते त्याला 'कायद्याचा समाज' म्हणत. म्हणजे या संघाची सगळी मिळकत काय ती कराराच्या अक्षरांत आहे. लिहिले ते पाळले जाईल आणि सांगितले ते लिहिलेले सापडेल, एवढ्या एका भरवशावर सत्तावीस राष्ट्रे एकत्र बसतात. त्यांच्या संस्थापकाच्या नावावर खोटे वचन घालणे म्हणजे नेमक्या त्या भरवशालाच हात घालणे आहे. संघाच्या शत्रूंना जे साधले नसते ते त्याच्या भक्ताने करून ठेवले: यांचा पायाच रचलेला आहे, असे म्हणायला त्यांना पुरावा मिळाला.

खेदाची गोष्ट अशी की खोट्याची गरजच नव्हती. खरे हालश्टाइन पुरेसे बोलके आहेत. सभासद राष्ट्रांच्या वर आयोगाचा अधिकार वाढावा म्हणून ते झगडले. द गॉल यांनी १९६५ साली आपले प्रतिनिधी बैठकांतून काढून घेऊन महिनोन्‌महिने खुर्ची रिकामी ठेवली. १९६६ च्या जानेवारीत लक्झेंबर्गला तडजोड झाली ती राष्ट्रांच्या नकाराधिकाराला झुकते माप देणारी. आणि १९६७ साली हालश्टाइन यांना पायउतार व्हावे लागले. १९६९ साली त्यांनी जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'अपुरे संघराज्य'. हरलेल्या माणसाने निवडलेले हे नाव कोणत्याही रचलेल्या वचनाहून मला अधिक हलवून जाते. पण विजयाची घोषणा हवी असलेल्याला अपुरेपणाची कबुली पुरत नाही. झाँ मोने यांच्याविषयीही असेच घडले आहे. पुन्हा प्रारंभ करायचा तर मी संस्कृतीपासून करीन, असे ते म्हणाल्याचे युरोपभर सांगितले जाते. तसे ते कधी म्हणाले नव्हते. ज्या संघाच्या दोन संस्थापकांच्या नावावर न बोललेली वाक्ये फिरतात, तिथे संस्थापकांनी जे बोलायला हवे होते ते न बोलल्याची रुखरुख किती खोल आहे, हे दिसते.

आपल्याकडच्या संघाची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. भारताच्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ असेल असे म्हटले आहे. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी त्या शब्दाचे कारण सांगितले: हा संघ राज्यांनी आपापसांत करार करून निर्माण केलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. युरोपीय संघाचे याच्या अगदी उलट. तो करारातून जन्मला आणि त्याच्या कराराच्या ५० व्या अनुच्छेदात बाहेर पडण्याची वाट लिहिलेली आहे. पण आपल्या संघालाही जनतेच्या संमतीची किंमत मोजावी लागली. भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न दिल्लीने लांबणीवर टाकला तेव्हा मराठी माणसाने संघ नाकारला नाही. संघात आपल्या भाषेचे घर मागितले, त्यासाठी माणसे गमावली आणि १ मे १९६० रोजी ते मिळवले. राष्ट्र आणि भाषा विसर्जित झाल्याखेरीज मोठी एकी होत नाही, हे मेनासे यांचे गृहीत या अनुभवाच्या कसोटीवर मला टिकताना दिसत नाही. छोटे घर सुरक्षित असल्यावर माणूस मोठ्या घराला अधिक मोकळेपणाने आपले म्हणतो. भारताची तुलना युरोपला जशीच्या तशी लागू पडते असे मी म्हणत नाही. आपल्यामागे एका स्वातंत्र्यलढ्याची सामायिक आठवण होती, त्यांच्यामागे एकमेकांशी केलेल्या युद्धांची आहे. पण गृहीत तपासण्यापुरता हा अनुभव पुरेसा आहे.

आता पुन्हा कादंबरीकडे, कारण शेवटी निवाडा तिचा करायचा आहे. मला असे दिसते की मेनासे यांची कादंबरी मेनासे यांच्यापेक्षा शहाणी आहे. आउश्वित्झच्या कल्पनेचे तिच्यात काय होते पाहा. ती ज्या बाईच्या हाती पडते तिला त्या मृतांशी काही देणेघेणे नाही. तिला बदली हवी आहे. पवित्र स्मृती सत्तेच्या कामाला जुंपली की ती सत्तेची होते आणि मृतांची राहत नाही, हे लेखकाच्या लेखणीने ओळखले होते. आलोइस एर्हार्ट हा वृद्ध प्राध्यापक एका चर्चामंडळात उठून, युरोपची नवी राजधानी आउश्वित्झला बांधा, असे सांगतो. लेखकाची सहानुभूती त्याच्या बाजूला आहे, तरीही त्याच्या भाषणानंतरची ती अवघडलेली शांतता लेखकाने लपवलेली नाही. आणि दाविद द व्रीन्ट हा छावणीतून वाचलेला माणूस. समारंभाला ज्या साक्षीदारांचा शोध घ्यायचा, त्यांच्यापैकी तो त्याच शहरातल्या एका वृद्धाश्रमात, ओसरत चाललेल्या स्मृतीशी झगडत दिवस काढीत आहे. संघाच्या अधिकाराला आधार म्हणून ज्याचे नाव घ्यायचे त्या माणसाशी त्या संघाचे नाते किती तुटपुंजे आहे, हे या एका पात्रातून जितके कळते तितके शंभर भाषणांतून कळणार नाही. माल्बेकच्या भुयारी स्थानकातल्या स्फोटात त्याचा अंत होतो. २०१६ च्या मार्चमधली ब्रसेल्सची खरी घटना लेखकाने इथे गुंफली आहे, आणि कल्पित माणसाला खऱ्या स्फोटात मरण देऊनही त्याने कोणाची फसवणूक केलेली नाही; कारण हे पुस्तक कादंबरी आहे असे त्याच्या कपाळावर लिहिलेले आहे.

ललित वाङ्मयाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथेच आहेत. राज्यकर्त्यांना अधिकाराचा दाखला मिळवून देणे हे कादंबरीचे काम नाही. त्या अधिकाराची माणसांच्या जगण्यात काय अवस्था आहे ते दाखवणे हे तिचे काम आहे. 'राजधानी'ने ते केले आहे. नकार देणारा नागरिक तिच्यात आला असता तर ते अधिक पूर्ण झाले असते. कादंबरीच्या शेवटी लेखकाने 'पुढे चालू' अशा अर्थाचे दोन फ्रेंच शब्द लिहिले आहेत, आणि अल्बानियाच्या प्रवेशाच्या प्रश्नावरची 'विस्तार' ही त्यांची पुढची कादंबरी २०२२ साली निघालीही आहे. 'राजधानी' मराठीत यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या कोणी अनुवादकाने ती आणावी त्याने प्रस्तावनेत हालश्टाइन-प्रकरणाची हकीकत तारीखवार द्यावी, काहीही न झाकता. वाचकाने आधी कादंबरी वाचावी, मग ती हकीकत, आणि मग जमल्यास हालश्टाइन यांचे ते अपुऱ्या संघराज्याचे पुस्तक. या क्रमाने वाचले तर युरोपात काय घडते आहे ते तर कळेलच. शिवाय आपल्या आवडत्या थोर पुरुषांची जी वचने आपण सभासंमेलनांतून ऐकतो, ती त्यांनी कुठे आणि केव्हा उच्चारली हे विचारण्याची सवयही लागेल.